पान लावलं, मग रोप का येईना?

पहिला पाऊस पडला की ब्रह्मकमळाची पानं घरोघरी फिरू लागतात. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून देतं, कुणी दुधाच्या पिशवीत. या वेळी आलेल्या प्रश्नांत त्याचाच भरणा आहे. बाकीचे प्रश्न आफ्रिकन व्हायोलेट, होया, अँथुरियम, कलांचो अशा घरात फुलणाऱ्या झाडांचे आहेत. सगळ्यांची तक्रार साधारण सारखीच: लावलं, पण आलं नाही. बहुतेक वेळा हात वाईट नसतो, झाडाचा लावलेला भाग चुकीचा असतो.

शेजाऱ्यांकडून ब्रह्मकमळाचं पान मिळालं. त्याच संध्याकाळी कुंडीत खोचलं आणि रोज पाणी घातलं. बारा दिवसांत ते खालून मऊ पडून तपकिरी झालं. काय चुकलं? (डोंबिवली)

त्याच संध्याकाळी खोचलं हे चुकलं आणि रोज पाणी घातलं हेही. दोन्ही का चुकलं हे कळायला हे झाड मुळात काय आहे ते पाहावं लागेल. आपलं ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. ते निवडुंगाच्या कुळातलं आहे आणि मूळचं मेक्सिको व मध्य अमेरिकेतलं. पण हा वाळवंटातला निवडुंग नव्हे. दमट जंगलात मोठ्या झाडांच्या बेचक्यांत साचलेल्या पालापाचोळ्यावर तो वाढतो. त्याच्या मुळांना ओल चालते, पण चिखल चालत नाही. आणि आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच, ते चपटं झालेलं खोड आहे. त्याच्या कडेला ज्या खाचा दिसतात, त्या प्रत्येक खाचेत एक डोळा असतो. नवा फुटवा तिथूनच निघतो आणि कळीही तिथूनच लटकते. म्हणजे तुम्ही लावलं ते पान नव्हतं, रसाळ खोडाचं छाटकलम होतं. अशा खोडाचा ओला काप ओल्या मातीत गेला की बुरशीला दार उघडं मिळतं.

आता नव्याने लावताना असं करा. निदान एक वर्षाचं, गर्द हिरवं, टणक, मधली शीर चांगली जाड झालेलं खोड निवडा. यंदाचं पोपटी, लवचिक, चकचकीत खोड नको, ते सुकता सुकताच कोमेजतं. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे करा. एका लांब खोडाचे दोन-तीन तुकडे सहज होतात. प्रत्येकावर चार-पाच खाचा असाव्यात. खालचं टोक दोन्ही बाजूंनी तिरकं छाटून पेन्सिलीसारखं निमुळतं करा, म्हणजे मधली शीर पुढे येईल. मुळं प्रामुख्याने या शिरेतून सुटतात, कडेच्या पातळ पात्यातून नाही. ते पातं मातीत गाडलं तर नुसतं कुजतं.

मग तुकडे सावलीत, वारा लागेल अशा जागी वर्तमानपत्रावर ठेवून द्या. उन्हात नको, आणि पिशवीत तर नकोच. सोलापूर-नगरच्या कोरड्या हवेत कापावर तीन-चार दिवसांत खपली धरते. मुंबई-कोकणात ऐन पावसात आठ दिवसही लागतात. कापाची जागा पांढुरकी, कोरडी आणि नखाला कडक लागली की समजा झालं. तुकडा थोडा सुरकुतला तर घाबरू नका, त्याच्यात पाण्याचा साठा भरपूर असतो.

कुंडी चार इंचांचीच घ्या. एवढ्याशा तुकड्याला दहा इंची कुंडी दिली की मुळं नसलेल्या मातीत पाणी साचून राहतं. माध्यमासाठी दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा वाटाण्याएवढे विटांचे तुकडे आणि मूठभर लाकडी कोळशाचे खडे घ्या. कोकोपीटची वीट भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून पिळायची. काही विटांत क्षार राहिलेले असतात आणि कोवळी मुळं त्यानेच जळतात. काळी माती अजिबात घालू नका, ती ओली असताना चिखल होते आणि सुकली की भेगा पडून मुळं तोडते.

मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये, इतकंच ओलं असावं. त्यात तुकडा ३ ते ४ सेंटिमीटर खोल, निदान एक खाच आत जाईल असा लावा. दोन काड्यांचा आधार देऊन सैल बांधा, कारण हलणाऱ्या तुकड्याची सुटलेली मुळं तुटतात. पहिलं पाणी चार-पाच दिवसांनी. त्यानंतर वरचा बोटाच्या एका पेराएवढा थर सुकल्यावरच. उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन नको. तीन ते पाच आठवड्यांनी तुकडा हलकेच वर ओढून पाहा. विरोध जाणवला तर मुळं धरली. नवा फुटवा दिसायला आणखी महिनाभर जातो, तोवर खत देऊ नका.

तुमचा कुजलेला तुकडा अजून टाकला नसेल तर वाचू शकतो. सडलेला भाग कापत वर जा. आडव्या कापात एकही तपकिरी ठिपका दिसता कामा नये. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसा, नाहीतर सड तुम्हीच वर नेता. हिरवा भाग दहा सेंटिमीटर जरी उरला तरी तो सुकवून पुन्हा लावा.

पान उलटं लावलं गेलं तर येईल का? कोणती बाजू खाली होती तेच आठवत नाही. (कोल्हापूर)

उलटं लावलेलं सहसा मुळं धरत नाही, धरली तर रडतखडत. खाचांकडे निरखून पाहा. डोळ्यांचा कल शेंड्याकडे असतो, आणि बुडाकडची शीर जाड व गोलसर असते. पुढच्या वेळी कापतानाच खूण करा: बुडाला निमुळता काप, शेंड्याला सरळ. तुकडे सुकायला टाकले की चार दिवसांनी सगळे सारखेच दिसतात.

मुळं आणायला कापाला मध लावावा, हळद लावावी, दालचिनीची पूड की कोरफडीचा गर? प्रत्येक व्हिडिओत वेगळं सांगतात. (सोलापूर)

ब्रह्मकमळाला यातलं काहीच लागत नाही. कापाची जागा नीट वाळणं हेच त्याचं औषध. मधाने मुंग्या येतात, आणि मुंग्यांच्या मागोमाग पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कापसासारखी पांढरी कीड, येतो. कोरफडीचा गर लावला की जी जागा कोरडी करायची तीच आपण ओली करतो. हळद किंवा दालचिनीची चिमूट लावल्याने बिघडत नाही, पण तिने मुळं येत नाहीत. फार तर बुरशी थोडी दूर राहते. मुळं फुटण्यासाठी खरोखर काम करतं ते आयबीए हे संप्रेरक. कृषी सेवा केंद्रात त्याची पावडर मिळते. मोगरा, जास्वंद, बोगनवेल यांच्या टणक काड्यांना तिचा उपयोग होतो. निवडुंगाच्या या जातीवर ती खर्च करू नका.

पाण्याच्या बाटलीत ठेवून मुळं आणली तर? (नाशिक)

येतात. खालचे दोनच सेंटिमीटर पाण्यात बुडतील असं ठेवायचं, तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचं, आणि मुळं २ ते ३ सेंटिमीटर झाली की लगेच कुंडीत न्यायचं. मात्र पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात. मातीत नेताना निम्मी तुटतात आणि रोप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. मुळं कशी सुटतात हे मुलांना दाखवायचं असेल तर बाटली छान. रोप हवं असेल तर सरळ कुंडीच बरी.

चार वर्षांपूर्वी लावलेलं ब्रह्मकमळ छपराला लागलंय. पानंच पानं, फूल एकही नाही. दरवर्षी छाटून आम्ही मैत्रिणींना पानं वाटतो. त्यांच्याकडे फुललं, आमच्याकडे नाही! (पुणे)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. फूल येतं ते मागच्या वर्षी किंवा त्याआधी वाढलेल्या, पक्व, चपट्या खोडावर. छाटताना तुम्ही नेमकी तीच काढून देत असणार, कारण लावायलाही तीच चांगली. मैत्रिणींना फुलायला टेकलेलं खोड मिळतं आणि तुमच्याकडे राहतात ती बुडातून निघालेली लांब, गोल, काठीसारखी खोडं. यंदा जूनमध्ये कात्रीला हात लावू नका. वाटायचीच असतील तर बहर संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाटा. खरं म्हणजे लागवडीलाही तो काळ ऐन पावसाळ्यापेक्षा चांगला, फेब्रुवारी-मार्चही चांगला. जूनमध्ये लावायची आपली पद्धत जास्वंद-मोगऱ्यावरून आलेली आहे. या झाडाला पावसाची झोड नको असते.

छाटणी थांबवूनही फुललं नाही तर मग उजेड पाहा. जिन्यात किंवा दाट सावलीत हे झाड वर्षानुवर्षं जगतं, पण फुलत नाही. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन मिळालं की फरक पडतो. पूर्वेची खिडकी किंवा ग्रिल उत्तम. दुपारच्या उन्हात खोडं लालसर-पिवळी पडतात, तिथे शेडनेट लावा.

कुंडी फार मोठी असेल तर झाड मुळं आणि खोडं वाढवत बसतं. मुळं कुंडीत दाटली की फुलं धरतात. आठ ते दहा इंची कुंडी वर्षानुवर्षं पुरते. दर पावसाळ्याला मोठ्या कुंडीत हलवण्याचा उत्साह आवरा.

खताचंही असंच. पेंड, जीवामृत, शेणखत यांचा मारा चालू असेल तर नत्र जास्त होऊन पालवीच वाढते. मार्चपर्यंत हे देऊन थांबा. एप्रिल-मेपासून दर पंधरा दिवसांनी ०:५२:३४ हे (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं) विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात द्या. त्याआधी डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी कमी करा: माती निम्म्या खोलीपर्यंत सुकू द्यायची, पण खोडं सुरकुतेपर्यंत ताणायचं नाही. या थंड, कोरड्या विश्रांतीनंतर झाड जास्त कळ्या धरतं.

कळी दिसल्यापासून उमलायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. या काळात कुंडी हलवू नका, तिची दिशाही फिरवू नका आणि माती पूर्ण सुकू देऊ नका. वाटाण्याएवढ्या कळ्या गळतात त्या बहुतेक याच कारणांनी. खाली लोंबणारी कळी मान वर वळवते आणि टपोरी होते, तेव्हा फुलण्याची रात्र जवळ आली. आठ-नऊच्या सुमाराला उमलायला लागतं, मध्यरात्री पूर्ण फुलतं, पहाटेला मान टाकतं. एका खाचेतून एकदा फूल येऊन गेलं की तिथून सहसा पुन्हा येत नाही. म्हणून सगळ्या खाचा वापरून झालेली जुनी खोडंच छाटायला योग्य. मैत्रिणींना मात्र ती देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी त्यांचं पत्र येईल.

देवाला वाहतात ते हिमालयातलं ब्रह्मकमळ हेच का? (लातूर)

नाही. ते सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवतं, जुलै ते सप्टेंबर फुलतं, आणि उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे. ते आपल्याकडे कुंडीत जगणार नाही. त्याच्या नावाने कुणी बिया किंवा रोपं विकत असेल तर पैसे वाचवा. आपल्या झाडाला काही जण निशागंधा म्हणतात ते नाव जास्त नेमकं आहे. फक्त निशिगंधाशी, म्हणजे गुलछडीशी, त्याची गल्लत करू नये.

मुलगी न्यू जर्सीत असते. दिवाळीनंतर जाताना तिच्यासाठी ब्रह्मकमळाचं एक पान बॅगेत नेलं तर चालेल का? (सातारा)

नका नेऊ. कोणतंही झाड किंवा त्याचा लावता येईल असा तुकडा देशाबाहेर नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. शिवाय हे निवडुंगाचं कुळ आहे. मोजके अपवाद सोडले तर हे अख्खं कुळ सायटिस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतं, म्हणजे त्याची वेगळी कागदपत्रं. विमानतळावर न सांगता नेलं तर पान जप्त होतं आणि दंडही होऊ शकतो. एका पानासाठी एवढं नको, कारण हेच झाड तिकडे ‘क्वीन ऑफ द नाइट’ या नावाने मिळतं. या नावाने रात्री फुलणारे दुसरे निवडुंगही विकले जातात, तेव्हा चपटं, काटे नसलेलं खोड आणि एपिफायलम ऑक्सिपेटॅलम हे नाव पाहून घ्यायला सांगा.

तिला हेही सांगा की तुकडा मे-जूनमध्ये लावावा. नोव्हेंबरमध्ये लावलेला तिथल्या अपुऱ्या उजेडात नुसता बसून राहतो. थंडीत झाड घरात, दहा अंशांच्या खाली तापमान जाणार नाही अशा जागी हवं. खिडकी उजेडाची असावी, पण खाली हीटर नसावा. पाणी तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरतं. रात्रीचं तापमान बारा अंशांच्या वर स्थिरावलं की बाहेर सावलीत ठेवायचं.

आफ्रिकन व्हायोलेटचं पान फेब्रुवारीत लावलं. मुळं आली, पान टवटवीत आहे, पण साडेतीन महिने झाले तरी पिल्लं नाहीत. (नागपूर)

इथे गोष्ट ब्रह्मकमळाच्या उलट आहे. हे खरंच पान आहे आणि त्याला डोळा नाही. तरीही नवं रोप येतं, कारण देठाच्या कापाजवळच्या वरच्या थरातल्या पेशी नव्याने फुटवे तयार करू शकतात. फार थोड्या झाडांना हे जमतं. ते जमण्यासाठी लागणारी हवा मात्र नागपूरच्या मार्च-एप्रिलमध्ये नाही.

हे झाड टांझानिया आणि केनियातलं, मुख्यतः उसांबारा डोंगरांतलं, ओलसर कड्याकपारींत सावलीत वाढणारं. तिथे जर्मन वसाहतीचे अधिकारी असलेल्या बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांनी १८९२ मध्ये त्याचं बी जर्मनीत आपल्या वडिलांकडे पाठवलं. पुढच्या वर्षी त्यांच्याच नावावरून सेंटपॉलिया हे नाव पडलं. त्याला मानवतं ते १८ ते २६ अंश. तिशीच्या वर गेलं की वाढ थांबते, चाळिशीत तर देठ शिजल्यासारखा होतो. विदर्भात आणि मराठवाड्यात ही लागवड ऑक्टोबरच्या शेवटी सुरू करा, म्हणजे पिल्लं फेब्रुवारीपर्यंत वेगळी करता येतील. उन्हाळा त्यांना घरातल्या सगळ्यात थंड खोलीत काढू द्या. कूलरचा झोत थेट पानांवर नको.

हवा अनुकूल असतानाही पिल्लं येत नसतील तर देठ लांब राहिलेला असतो. पिल्लं कापाच्या टोकाशी जन्मतात. ती तीन इंच खोल असतील तर वर येण्यातच त्यांची शक्ती जाते. देठ अडीच सेंटिमीटर ठेवा, ४५ अंशांत कापा, कापाची बाजू पानाच्या पुढच्या, म्हणजे वरच्या पृष्ठभागाकडे ठेवा, आणि एक ते दीड सेंटिमीटरच खोल लावा. पान मधल्या ओळीतलं घ्या. बाहेरची ओळ म्हातारी असते आणि अगदी मधली अजून अपुरी. माध्यम निम्मं कोकोपीट, निम्मं परलाइट. एकवेळच्या प्लास्टिकच्या ग्लासला तळाशी तीन भोकं पाडली की ती कुंडी झाली. तिच्यावर पारदर्शक पिशवी घालून दिवसातून एकदा पाच मिनिटं उघडा. मुळं तीन-चार आठवड्यांत, पिल्लं आठ ते बारा आठवड्यांत दिसतात.

तुमच्या पानाचं वेगळं दुखणं दिसतं: ते स्वतःच मजेत आहे. मुळं आली, उजेड मिळाला, की पान आपल्यापुरतं जगत राहतं, पिल्लांची त्याला निकड नसते. अशा पानाचा वरचा एक तृतीयांश भाग स्वच्छ ब्लेडने आडवा कापून टाका. वाढीची दिशा बंद झाली की ताकद खाली वळते. हे मात्र हवा थोडी निवळल्यावर करा, आत्ताच्या उन्हात काप सडेल.

पिल्लांची पानं अडीच-तीन सेंटिमीटरची झाली की ती वेगळी करायची. एका पानाखाली तीन-चार पिल्लं असतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मुळं आली पाहिजेत. पान लावल्यापासून पहिल्या फुलापर्यंत नऊ महिने ते वर्ष लागतं. पाणी द्यायचं ते बशीतून, खोलीच्या तापमानाचं. थंड पाण्याचे थेंब पानांवर पडले की फिकट चट्टे उठतात आणि ते जात नाहीत.

एक गोष्ट विकत घेतानाच लक्षात ठेवा. ज्या व्हायोलेटच्या पाकळ्यांवर चक्रीसारखे मधोमध पट्टे असतात, त्या बहुधा दोन प्रकारच्या पेशींच्या थरांनी बनलेल्या असतात. पानापासून लावल्या तर पट्टे जातात आणि एकरंगी फूल येतं. अशा झाडाचं खरं पिल्लू हवं असेल तर बुडातून निघणारा उपफुटवा काढून लावावा लागतो, किंवा फुलाच्या दांड्यावरच्या छोट्या पानांजवळचा डोळा फुटवावा लागतो. महाग मिळतात त्या उगीच नाही.

बदामाच्या आकाराचं एकच पान असलेली छोटी कुंडी भेट मिळाली होती. दोन वर्षं झाली, पान हिरवंगार आहे, पण वेल काही येत नाही. (मुंबई)

येणारही नाही. ती होया केरी. पानाला मुळं फुटलेली आहेत, पण देठाच्या तळाशी खोडाचा तुकडा आणि डोळा नाही. व्हायोलेटसारखे नवे डोळे तयार करणं होयाला जमत नाही. पान असंच आणखी काही वर्षं राहील. शोभेची वस्तू म्हणून ठेवा, वेलीची वाट पाहू नका.

फुलणारी होया लावायची तर दोन पेरांचा तुकडा घ्या. खालच्या पेराची पानं काढून ते पेर मातीत, वरचं बाहेर. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो थांबेपर्यंत कोमट पाण्यात धरा आणि तासाभराने लावा. फुलांचा गुच्छ गळल्यावर राहिलेला बोटभर दांडा वाळकी काडी समजून तोडू नका. पुढचा बहर त्याच दांड्यावर येतो.

अँथुरियमचं देठासकट पान पाण्यात ठेवलं, दोन महिन्यांत मूळ नाही. (सांगली)

अँथुरियमच्या नुसत्या देठात डोळा नसतो, फुलदाणीत कितीही दिवस ठेवलं तरी. पीस लिलीचंही तेच. दोन्ही झाडं खोडासकट विभागायची असतात. कुंडीतून काढा, माती धुवा, आणि जिथे बाजूचा फुटवा स्वतःच्या दोन-तीन मुळांसह उभा असेल तिथे कापून वेगळा करा. जुन्या अँथुरियमचं खोड उंच होऊन कुंडीबाहेर डोलत असेल आणि त्यावर हवाई मुळं सुटली असतील, तर त्या मुळांखाली कापून शेंडा नव्या कुंडीत लावता येतो. खाली राहिलेला बुंधाही टाकू नका, त्यावरचे डोळे फुटतात. ही झाडं अळूच्या कुळातली आहेत. रसाने हाताला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला, आणि तुकडे मांजर-कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

शाळेत पानफुटीचं पान वहीत ठेवलं तरी रोपं यायची. कलांचोही त्याच जातीचा म्हणतात, मग त्याच्या पानाला का येत नाहीत? आणि विकत आणलेला कलांचो पुन्हा फुलत का नाही? (ठाणे)

पानफुटीच्या पानाच्या कडेवर खाचाखाचांत डोळे तयारच असतात. पान मातृझाडापासून तुटलं की ते जागे होतात. फुलवाल्यांकडचा कलांचो नात्यातला खरा, पण त्याच्या पानाच्या कडेवर असे डोळे नाहीत. त्याचा शेंडा लावा. फुलं नसलेला ६ ते ८ सेंटिमीटरचा शेंडा घेऊन खालची जोडी काढा, दिवसभर सुकवा आणि वाळूमिश्रित कोकोपीटमध्ये खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. फुलोऱ्याचं टोक लावलं तर ते फुलण्यातच संपतं.

पुन्हा न फुलण्याचं कारण बहुतेक घरांत दिवाणखान्यातला दिवा असतो. या झाडाला कळ्या धरायला लांब, अखंड अंधाऱ्या रात्री लागतात. आपल्या हिवाळ्यातल्या रात्री त्याला पुरतात, पण रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळत असेल तर झाडाच्या लेखी रात्र आखूडच. नोव्हेंबरपासून त्याला बाल्कनीत, दिव्याचा उजेड पडणार नाही अशा जागी ठेवा. ते शक्य नसेल तर संध्याकाळी पाच ते सकाळी सात असं चौदा तास खोक्याखाली झाका. सलग सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता. दिवसा मात्र त्याला चांगलं ऊन हवं. कळ्या मोहरीएवढ्या दिसल्या की झाकणं थांबवा.

नव्या रोपांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसतो. (कल्याण)

पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने एकेक पुसून काढा. चार दिवसांनी पुन्हा, मग आणखी चार दिवसांनी पुन्हा, कारण अंड्यांतून नवे निघत राहतात. व्हायोलेटच्या लवदार पानांवर आधी एका पानावर करून पाहा. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर ती आधी तोडा, कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवली तरी पुरे. बाहेरून आलेलं कोणतंही पान, कितीही विश्वासू शेजाऱ्याकडचं असो, पहिले पंधरा दिवस बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवा.